कोंबड्यांना वारा किती लागतो?

तुमच्या वर्गात पन्नास मुले बसली आहेत, दारे-खिडक्या लावलेल्या आहेत आणि पंखेही बंद आहेत, अशी कल्पना करा. थोड्याच वेळात सर्वांना उकडू लागेल आणि हवा कोंदट होईल. ही उष्णता आली कोठून? ती तुमच्याच शरीरांतून आली. स्वस्थ बसलेला माणूस दर सेकंदाला सुमारे १०० ज्यूल, म्हणजेच १०० वॅट या दराने उष्णता बाहेर टाकतो. पन्नास जणांची मिळून ५,००० वॅट उष्णता झाली. एकेक किलोवॅटच्या पाच विजेच्या शेगड्या वर्गात पेटवून ठेवल्यासारखेच हे आहे.

प्राण्यांच्या शरीरातील उष्णता मोजण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग फ्रान्समध्ये लावाझिए आणि लाप्लास यांनी केला आणि १७८३ साली तो जगापुढे मांडला. त्यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले, किती बर्फ वितळले ते मोजले आणि प्राण्याने श्वासावाटे सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा मेळ घालून पाहिला. श्वसन म्हणजे एक मंद ज्वलनच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आज हेच सत्य कुक्कुटपालनाच्या धंद्यात लाखो रुपयांचा हिशेब ठरवते. तो कसा, ते आपण पाहू.

शेडमधील शेगड्या

अंडी देणारी सुमारे दीड किलो वजनाची कोंबडी साधारण १० वॅट उष्णता बाहेर टाकते. दहा हजार कोंबड्यांच्या शेडमध्ये एकूण १,००,००० वॅट उष्णता निर्माण होते. तिचे दोन भाग पडतात. ढोबळमानाने ६० टक्के उष्णता थेट हवा तापवते. उरलेली ४० टक्के कोंबडीच्या श्वासातील पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे २४ लाख ज्यूल अप्रकट उष्मा लागतो. हिशेब केलात तर दिसेल, की या शेडमध्ये दर तासाला सुमारे ६० लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते! विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू असतो तो वेगळाच. म्हणून उष्णता, वाफ आणि दूषित वायू या तिन्ही गोष्टी बाहेर घालवणे, हे वायुवीजनाचे काम आहे.

पंखे किती?

आता साधे गणित करू. हवेचा विशिष्ट उष्मा दर किलोस, दर अंशास सुमारे १,००० ज्यूल असतो. शेडमधून जाताना हवा ३ अंशांपेक्षा जास्त तापू नये, अशी आपली अट आहे. हवा तापवणारी उष्णता ६०,००० वॅट आहे. म्हणून दर सेकंदाला लागणारी हवा = ६०,००० ÷ (१,००० × ३) = २० किलो. उन्हाळ्यात एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१५ किलो असते. म्हणजे सेकंदाला सुमारे १७ घनमीटर हवा हवी. शेडच्या भिंतीत बसवतात तो सव्वा मीटर व्यासाचा एक्झॉस्ट फॅन सेकंदाला साधारण १० घनमीटर हवा ओढतो. तेव्हा दोन पंखे पुरे झाले, असे वाटेल.

पण प्रत्यक्षात पोल्ट्रीवाले दोन पंख्यांवर थांबत नाहीत. शेड १२ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल, तर तिचा छेद ३६ चौरस मीटर होतो. सेकंदाला २० घनमीटर हवा गेली, तरी वाऱ्याचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर होईल. कडक उन्हाळ्यात अंगावरून सेकंदाला निदान दोन मीटर वेगाचा वारा गेला, तर कोंबडीच्या शरीरातील उष्णता भरभर निघून जाते. त्यासाठी ७२ घनमीटर हवा, म्हणजे सात-आठ पंखे लागतात. पंख्यांना बाजारात मागणी का वाढते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. उघड्या बाजूंच्या जुन्या शेडचे काम नैसर्गिक वाऱ्यावर भागे. ती पूर्व-पश्चिम लांब आणि अरुंद बांधली, की ऊन आत शिरत नसे आणि वारा आरपार जाई. एका छताखाली पिंजऱ्यांचे मजले चढवून हजारो कोंबड्या ठेवू लागल्यावर मात्र वारा विकत घ्यावा लागला.

कूलरची गोष्ट

बाहेरची हवाच ४२ अंशांची असेल, तर ती कितीही ओढून काय उपयोग? कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते. तिला घर्मग्रंथी नसतात. उन्हाळ्यात ती चोच उघडून, धापा टाकून श्वासावाटे पाण्याची वाफ करते, आणि तेवढाच तिला गारवा मिळतो. म्हणून बंद शेडच्या एका टोकाला जाड कागदी पॅड लावून त्यांवर पाणी सोडतात आणि दुसऱ्या टोकाला पंखे बसवतात. ओल्या पॅडमधून आत येणारी हवा गार होते. विदर्भातील घरोघरचा कूलर याच तत्त्वावर चालतो.

हवा किती गार होईल, हे कोरड्या आणि ओल्या तापमापीच्या वाचनांतील फरकावर अवलंबून असते. चांगला पॅड या फरकाच्या सुमारे तीन-चतुर्थांश इतके तापमान उतरवतो. नागपूरला मे महिन्याच्या एखाद्या दुपारी कोरडा तापमापी ४२ आणि ओला २३ अंश दाखवील. फरक १९, त्याचे तीन-चतुर्थांश सुमारे १४, म्हणून हवा २८ अंशांवर येईल. रत्नागिरीला त्याच दिवसांत वाचने ३३ आणि २७ असतील, तर तापमान साडेचार अंश उतरून साडेअठ्ठावीस होईल.

दोन्हीकडचे तापमान जवळजवळ सारखेच झाले ना? पण थांबा! नागपूरच्या शेडमध्ये आता सापेक्ष आर्द्रता सुमारे ६५ टक्के आहे, रत्नागिरीच्या शेडमध्ये जवळजवळ ९०. इतक्या दमट हवेत धापा टाकूनही वाफ फारशी होत नाही. तापमापी समाधानी दिसतो, कोंबडी मात्र कासावीस होते. त्यामुळे कोकणातल्या शेतकऱ्याने विदर्भातील शेडची हुबेहूब नक्कल केली, तर पैसे खर्चूनही पक्षी दगावू शकतात. त्याने पॅडपेक्षा वाऱ्याच्या वेगावर भर देणे शहाणपणाचे ठरते.

हाच विचार इतर ठिकाणीही लागू पडतो. धिंगरी अळिंबीच्या बंद खोलीत उष्णतेपेक्षा कार्बन डायऑक्साइडचा त्रास मोठा असतो. तो साठला तर देठ लांब वाढतात आणि छत्र्या लहान राहतात. हरितगृहात भर दुपारी ऊन दर चौरस मीटरला ८०० वॅटहून अधिक उष्णता ओतते. म्हणून तेथे छतालाच झरोका ठेवतात. तापलेली हलकी हवा वरून निघून जाते आणि ताजी हवा बाजूंनी आत येते. या झरोक्याला वीज लागत नाही.

वीज गेली तर?

बंद शेडचा खरा धोका येथेच आहे. आपली शेड ६० मीटर लांब असेल, तर तिच्यात सुमारे २,५०० किलो हवा मावते. पंखे थांबले आणि ६०,००० वॅट उष्णता या हवेतच कोंडली, तर तापमान मिनिटाला सुमारे दीड अंश या वेगाने चढू लागेल. भिंती आणि छत काही उष्णता शोषून घेतील, म्हणून प्रत्यक्षातला वेग थोडा कमी पडेल. पण त्याच वेळी वाफही साठत जाईल. हातात वेळ उरतो तो काही मिनिटांचाच. तेवढ्यात जनरेटर सुरू झाला नाही किंवा बाजूचे पडदे उघडले नाहीत, तर एका दुपारी सारा कळप जाऊ शकतो आणि त्याबरोबर एका कुटुंबाची वर्षाची कमाईही. म्हणून पंख्यांच्या खरेदीबरोबर जनरेटर, धोक्याची घंटा आणि चटकन उघडणारे पडदे यांचा खर्च धरावाच लागतो.

करून पाहा

दोन सारखे तापमापी घ्या. एकाच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळा आणि दोन्हींवर पंख्याचा वारा पाच मिनिटे सोडा. वाचनांतील फरकाचे तीन-चतुर्थांश काढा. हा प्रयोग मे महिन्यात दुपारी दोन वाजता आणि पुन्हा जुलैतल्या एखाद्या पावसाळी दिवशी करा. तुमच्या गावच्या शेडला पॅड केव्हा उपयोगी पडेल आणि केव्हा नुसता वाराच कामाला येईल, हे तुम्हीच सांगू शकाल.