दुंगान : चिनी बोलीचे एक बेट

भाषा लिपीच्या आधाराने जगते की बोलणाऱ्यांच्या मुखी, असा प्रश्न पुष्कळदा निघतो. त्याचा विचार करताना मध्य आशियातील दुंगान लोकांचा वृत्तान्त उपयोगी पडतो.

चीनच्या शेन्सी व कान्सू प्रांतांतील मुसलमानांचे बंड १८७७ च्या सुमारास मोडले. तेव्हा पै येन-हू व इतर पुढाऱ्यांच्या मागे हजारो माणसे ऐन हिवाळ्यात त्यान-शान पर्वत ओलांडून रशियाच्या हद्दीत गेली. त्यांचे लाखाहून अधिक वंशज आज मुख्यतः किरगिझस्तान व कझाकस्तान या देशांत राहतात. भोवताली किरगिझ, कझाक व रशियन भाषा. घरात मात्र उत्तर चिनी वळणाची दुंगान बोली.

तिचे रूप पाहू. पाण्याला पेकिंगकडे 'श्वे' म्हणतात, दुंगान 'फी' म्हणतो. पुस्तकाला तिकडे 'शू', इकडे 'फू'. चीनमध्ये बादशाहीबरोबर मागे पडलेला, सरकारी कचेरी या अर्थाचा 'यामन' हा शब्द येथे टिकून राहिला. धर्माचे शब्द अरबी-फारसीतून आले, नव्या यंत्रविद्येचे रशियनमधून.

हे लोक बहुतेक शेतकरी. चिनी चित्राक्षरे त्यांना येत नव्हती. चिनीत समान उच्चाराचे शब्द विपुल असल्याने चित्राक्षरांवाचून ती लिहिताच येणार नाही, असे पुष्कळ पंडित म्हणत. दुंगानांनी ती लिहून दाखविली. आधी अरबी, १९२८ च्या सुमारास रोमन व १९५३ च्या सुमारास रशियन लिपी त्यांनी घेतली. रशियनच्या ३३ अक्षरांत ५ नवी घातली. उच्चारातील स्वरांचे चढउतार एरवी लिहीत नाहीत. अर्थ संदर्भावरून कळतो. यासिर शिवाझा (१९०६–१९८८) या कवीने या बोलीत ग्रंथरचना केली. शालेय पुस्तके व वर्तमानपत्रही निघाले.

तरीही धोका टळलेला नाही. जेथे दुंगानांची वस्ती दाट आहे त्या खेड्यांत बोली जोमात आहे. शहरांतील तरुण मात्र रशियनकडे झुकतात.

आपली मराठीही एके काळी मोडीत लिहिली जाई. मोडी मागे पडली तरी मराठी राहिली, कारण घरोघर तीच बोलली जात होती. परभाषी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपण सर्वांनी यातून एवढे घ्यावे : मुलांच्या कानी मातृभाषा प्रथम घरात पडावी; अक्षरे मागाहून शिकविता येतात.