सार्वजनिक राबत्याच्या जागा : एक अभ्यास

संविधानाचे कलम १५ शिकविताना बहुतेक वर्गांत पहिल्या उपकलमावरच तास संपतो. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून राज्य भेदभाव करणार नाही, एवढे विद्यार्थी मुखोद्गत करतात. स्मरणिकेच्या या लेखात आम्ही दुसऱ्या उपकलमाकडे लक्ष वेधू इच्छितो. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले व सार्वजनिक करमणुकीची स्थाने यांतील प्रवेशावर त्याच कारणांसाठी कोणाही नागरिकाला आडकाठी करता येणार नाही, असे ते सांगते. राज्याच्या पैशाने राखलेल्या किंवा जनतेसाठी नेमून दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि ‘सार्वजनिक राबत्याच्या जागा’ यांच्या वापरालाही तोच नियम आहे. राबता हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. जिथे माणसांचे नित्य जाणे-येणे असते ती राबत्याची जागा. बाग, मैदान, वाचनालय, सभागृह, आठवडी बाजार हे सारे त्यात आले.

जगातील एका मोठ्या राज्यघटनेत विहिरी आणि घाट यांची नावे घेऊन यादी का द्यावी लागली, याचे उत्तर इतिहासात आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. परंतु कागदावर खुल्या झालेल्या तळ्याचे पाणी प्रत्यक्षात घेता येईना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले, ते याच दरीवर पाऊल ठेवण्यासाठी. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि तळे सार्वजनिक आहे की खासगी या प्रश्नाचा निकाल उच्च न्यायालयातून लागेपर्यंत १९३७ साल उजाडले. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेला मंडप घालायलाही जागा मिळेना. अखेर एका मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. सभेला जमीन मिळत नव्हती, ही गोष्ट तळ्याच्या पाण्याइतकीच ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या संदर्भात बहिष्कृत हितकारिणी सभेचे उद्देश पुन्हा वाचावेत. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या या सभेने वसतिगृहांबरोबरच वाचनालये, सामाजिक केंद्रे व अभ्यासवर्ग काढण्याचे ध्येय पुढे ठेवले होते. सभेच्या वतीने मुंबईत मोफत वाचनालय चालले. तरुणांनी जुगार आणि दारूपासून दूर राहावे म्हणून हॉकीचा संघही चालविण्यात आला. आपल्या चळवळीच्या इतिहासात हॉकीचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. आम्हाला मात्र तो फार मोलाचा वाटतो. संध्याकाळचे दोन तास तरुणाने कोठे घालवावेत, हा प्रश्न त्या पिढीने क्षुल्लक मानला नाही.

बाबासाहेबांना या प्रश्नाचे महत्त्व पुस्तकातून कळले नव्हते. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. शाळा सुटल्यावर विद्यार्थी भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. तेथे नित्य येणाऱ्या गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकरांची दृष्टी या मुलावर पडली. त्यांनी त्याला पुस्तके दिली. १९०७ साली मॅट्रिकच्या यशाबद्दल झालेल्या सत्कारात त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यात त्यांचाच पुढाकार होता. बुद्धाशी झालेल्या त्या पहिल्या परिचयामागे शहरातील एक सार्वजनिक बाग उभी आहे. त्याच सयाजीरावांनी १९१० पासून बडोदा संस्थानात मोफत वाचनालयांचे जाळे विणले. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरत असत.

फुरसत ही चैन आहे, असे आपल्यातील पुष्कळ पालक मानतात. हा गैरसमज आहे. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्रांचे समर्थन याच मुद्द्यावर केले आहे: यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीवाचून सुसंस्कृत जीवन शक्य नाही. संविधानाच्या कलम ४३ मध्येही कामगाराला निर्वाहवेतनासोबत फुरसतीचा आणि सामाजिक व सांस्कृतिक संधींचा उपभोग मिळावा, असे नमूद आहे. दिवसभर राबणाऱ्याला संध्याकाळी बसायला जागा नसेल, तर तो कोठे बसतो हे वस्तीतल्या प्रत्येक माउलीला ठाऊक आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासासाठी असलेल्या योजनेतून ठिकठिकाणी समाजमंदिरे उभी राहिली. बुद्धवंदना, वर्षावासातील ग्रंथवाचन, मुलांचा अभ्यास यांसाठी त्यांची गरज आहेच. परंतु त्यातून एक नवी अडचण उद्भवते. गावच्या सभागृहाचा किंवा मैदानाचा विषय निघाला की, ‘तुमचे तुम्हाला वेगळे दिले आहे ना?’ असे ऐकावे लागते. महाडला वेगळा तलाव मागितला नव्हता. वस्तीतील सभागृह मिळाले म्हणून गावच्या सामाईक मैदानावरील हक्क सोडणे आमच्या मते घातक आहे, आणि शहाणीसुरती माणसे तसे करताना दिसतात याचा खेद वाटतो.

दुसरी अडचण देखभालीची. इमारत बांधण्यात पुढाऱ्यांना जेवढा रस असतो, तेवढा ती उघडी ठेवण्यात नसतो. उद्‌घाटनाची कोनशिला शाबूत आणि आत सिमेंटची पोती, हे दृश्य परिचयाचे आहे. किल्ली कोणाकडे असते, दिवा लागतो काय, पाणी व स्वच्छतागृह आहे काय, हे प्रश्न इमारतीच्या चौरस फुटांपेक्षा महत्त्वाचे होत.

या मागण्या कोठे करायच्या हेही नीट समजून घ्यावे. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या २९ विषयांत ग्रंथालये, सांस्कृतिक कार्य आणि सामूहिक मालमत्तेची देखभाल यांचा समावेश आहे. बाराव्या अनुसूचीत उद्याने व क्रीडांगणे हा नगरपालिकांचा विषय सांगितला आहे. कलम २४३ यघ नुसार जिल्हा नियोजन समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य पंचायतींच्या व नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांतून निवडले जातात. म्हणजे जिल्ह्याच्या आराखड्यावर ज्यांचे मत चालते त्यांतील बहुतेकांना आपण मते दिलेली असतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ नुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते. त्यासाठी नोंदी, सभासद व हिशेब नेटके ठेवावे लागतात. हे काम आपले माजी विद्यार्थी उत्तम करू शकतील.

एक गोष्ट मुलींविषयी. आमच्या विद्यार्थिनी सुटीत घरी जातात तेव्हा मैदान मुलांचे असते, पार वडीलधाऱ्यांचा असतो, आणि त्यांच्या वाट्याला चुलीजवळची जागा येते. कलम १५ मध्ये लिंग हा शब्द जातीच्या जोडीनेच आलेला आहे. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. तिच्या विषयपत्रिकेवर सायंकाळी पाच ते आठ वाचनालय उघडे ठेवणे, त्या रस्त्यावर दिवे लावणे आणि किल्ली एखाद्या महिला बचत गटाकडे देणे, हे तीन विषय लेखी द्यावेत व इतिवृत्ताची प्रत मागून घ्यावी.