आजेसासूबाईंचं मशीन विकण्याआधी

अगं, धुळ्याला तुझ्या दारात कुणीतरी आजेसासूबाईंच्या जुन्या शिलाई मशीनला भंगारापेक्षा भारी भाव द्यायला आलाय म्हणतेस, तर आधी माझं ऐक. अशा मशीनमध्ये ‘लाल पारा’ नावाचं काहीतरी मौल्यवान असतं ही निव्वळ थाप. २००९ साली सौदी अरेबियात याच अफवेपायी जुन्या सिंगरचे भाव आभाळाला भिडले होते. सुईजवळ मोबाइल धरून तो पारा तपासणारा आला, तर त्याला दारातूनच परत पाठव.

आता मशीन खरंच कुठलं ते बघ. जर्मन आहे का, हे नुसत्या नावावरून ठरवू नको. ‘फाफ’ हे जर्मन नाव असेल तर प्रश्नच नाही. कैझरस्लाउटर्नचा तो कारखाना १८६२चा. पण जर्मनीतले कित्येक कारखाने विकणाऱ्या दुकानाचं नाव रंगवून देत, म्हणून नाव अनोळखी असलं तरी मशीन जर्मन निघू शकतं. सिंगरचंही तसंच. कंपनी अमेरिकन, पण १९०४पासून जर्मनीत विटेनबेर्गेला तिचा कारखाना होता, आणि तिथल्या मशीनचा नंबर इंग्रजी ‘सी’ अक्षरानं सुरू होतो. तेव्हा नंबर कोरलेल्या जागेवरची धूळ पूस नि नंबर नीट वाच. ‘मेड इन जर्मनी’ असा शिक्का १८८७च्या ब्रिटिश कायद्यानंतर रुळला. ‘वेस्टर्न जर्मनी’ दिसलं तर मशीन १९४९नंतरचं.

मग सुईखालची सरकती पट्टी ओढून शटल बघ. लांबट, होडीसारखं असेल तर ते जिवापाड जप. त्याच्या आतली बारीक लांब बॉबीनसुद्धा. मशीनचं बाकी सगळं दुरुस्त होतं गं, पण हे हरवलं तर टीपच पडत नाही, नि जोडीचं शटल शोधताना पायाचे तुकडे पडतात. गोल बॉबीन-केस असली म्हणून मशीन नवं समजू नको. जुन्यांतही ती असते.

चाक फिरत नसेल तर जोर लावू नको. कुणीतरी कधीतरी खोबरेल सोडलेलं असतं, ते आपल्याकडच्या उन्हाळ्यात आटून चिकट होतं. जोडांत मशीनचंच तेल सोड, रात्रभर मुरू दे. काळ्या अंगाला स्पिरिट मात्र अजिबात लावू नको, रोगणासकट सोनेरी नक्षी निघून येते. मशीनमधली सुई गंजलेली असली तरी फेकू नको. तुमच्या धुळ्यातल्या पाचकंदीलला दुकानात तीच दाखव नि लांबी, दांडा जुळवून नवी घे.

आणि भाव ठरवायच्या आधी नंबरचा नि शटलचा फोटो मला जळगावला पाठव, बाई.