*टॉनिकचा खरा फरक कसा ओळखायचा?*



टॉनिक मारलेल्या वावरात हरभरा जास्त झाला, म्हणजे तो टॉनिकनेच झाला असं नाही. ते रान मुळातच भारी असू शकतं. सगळ्या हरभऱ्यावर खर्च करण्याआधी १६ गुंठ्यांत तपासून बघा.

१) २-२ गुंठ्यांचे ८ पट्टे आखा. शेजारच्या दोन पट्ट्यांची एक जोडी, अशा ४ जोड्या.
२) जोडीतल्या कुठल्या पट्ट्यावर टॉनिक मारायचं, ते नाणं उडवून ठरवा. दुसऱ्यावर नुसतं पाणी फवारा.
३) वाण, खत, पाणी सगळीकडे सारखं.
४) सगळ्या पट्ट्यांच्या कडेच्या ओळी सारख्याच सोडा. मळणी आणि वजन पट्ट्यानुसार वेगळं करा.

समजा, जोड्यांत ४, ३, ५, ४ किलो वाढ दिसली. सरासरी ४, भरवसा धरायला हरकत नाही. पण १४, उणे ५, १०, उणे ३ आली, तरी सरासरी ४च! ही वाढ जमिनीच्या कमी-जास्तपणाचीही असू शकते. घाई नको, पुढच्या हंगामात परत बघा.

फरक पक्का वाटला तरी वाढीव मालाचे पैसे फवारणीच्या खर्चाहून जास्त होतात का, ते बघूनच बाटली घ्या.

ही रीत रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडच्या रोथॅमस्टेड केंद्रात बसवली. कृषी विद्यापीठांचे प्रयोग आजही तिच्यावरच चालतात.

वजनं वहीत लिहा, फोटो याच नंबरवर पाठवा. हिशोब मिळून करू.