साप चावल्यावरचा पहिला तास



धानाची रोवणी आटोपली, ऊस डोक्यावर गेला, की आपल्याकडे सापाचे दिवस सुरू होतात. उसात उंदीर, बांधीत बेडूक, आणि दोघांच्या मागे साप. बिळात पाणी शिरले की तो धुऱ्यावर येतो आणि तेथून सांदवाडीत.

सन 2000 ते 2019 या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला 58 हजार. बहुतेक सारी खेड्यातली, आणि चारांपैकी तिघांचा जीव दवाखान्याबाहेर गेला. औषध आहे, पण माणूस औषधापर्यंत पोचत नाही, ही खरी गोष्ट आहे.

का पोचत नाही? "आंधी पुजाऱ्याकडे नेऊन पाहू, मंग दवाखाना." निंबाचा पाला चाखायला देतात, मंत्र म्हणतात, धागा बांधतात. काही जण बरेही होतात, हे खोटे नाही. पण आपल्या शेतात दिसणारे धामण, दिवड, तस्कर हे साप बिनविषारी. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. असा माणूस आपोआप बरा होतो आणि नाव मंत्राचे होते. खरे विष भिनलेल्याला मात्र तेथे गेलेला तास परत मिळत नाही. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? पुजारीबुवा आपल्याच गावचे असतात. त्यांनाच सांगावे की मंत्र म्हणायचा तर गाडीत बसून म्हणा, गाडी दवाखान्याच्या दिशेने चालू द्या.

दंश झाला की माणसाला बसवा, धीर द्या. अंगठी, बांगड्या, जोडवी, तोरड्या लगेच काढा, कारण सूज चढल्यावर त्या निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे बांबूच्या कमच्या लावून सैल बांधा, हलू देऊ नका. दोरीने आवळू नका. ब्लेडने कापू नका, तोंडाने चोखू नका. त्याला चालवत नेऊ नका. 108 ला फोन करा. गाडीला उशीर असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. वांती होत असेल तर डाव्या कुशीवर निजवा. किती वाजता चावला ते ध्यानात ठेवा. साप मारून आणण्याच्या नादात दुसऱ्याला चावल्याची उदाहरणे आहेत, तेव्हा तो नाद नको.

मण्यारीबद्दल थोडे जास्त सांगतो. नाग फणा काढतो, घोणस, म्हणजे आपली परड, कुकरसारखी फुसफुसते. मण्यार काहीच सांगत नाही. ती रात्री घरात येते आणि जमिनीवर निजलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोरगा पोट दुखते म्हणतो, पापण्या जड होतात, थुंकी गिळवत नाही. घरचे अजीर्ण समजतात. पावसाळ्यात खाली निजलेल्या माणसाला सकाळी असे झाले तर सापाचा संशय धरून दवाखाना गाठा. आणखी एक गोष्ट: या विषाने डोळे उघडत नाहीत, बोलता येत नाही, श्वास मंद होतो. तो गेला असे समजू नका. कृत्रिम श्वासावर ठेवले तर अशी माणसे काही दिवसांनी उठून बसतात. खाट आणि चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हा मण्यारीवर सर्वांत स्वस्त उपाय.

परडीचे विष रक्तावर जाते. हिरड्यांतून रक्त, लाल लघवी, पुढे मूत्रपिंड बंद. डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवतात. गोठले नाही तर विष चढले असे कळते.

प्रतिविष एकच असते, ते नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालते. सुरुवातीला साधारण दहा कुप्या शिरेतून देतात. लहान पोरालाही तेवढ्याच, कारण सापाने मोठ्याला आणि पोराला सोडलेले विष सारखेच. मुंबईच्या हाफकीन संस्थेने हे औषध वर्षानुवर्षे बनवले. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातून ते काढतात. आणि हे विष येते कोठून? तामिळनाडूतील इरुळा आदिवासींची 1978 साली स्थापन झालेली सहकारी संस्था साप धरते, विष काढते आणि साप पुन्हा रानात सोडते. आपल्यासारखेच सभासद, फक्त माल वेगळा.

शेतातले आता थोडक्यात. लाईन रात्रीची असेल तर पाणी द्यायला बॅटरी, गमबूट आणि काठी घेऊनच जावे. काठी आपटत चालावे, जमिनीच्या धमकेने साप सरकतो. पाचट जाळू नका हे मी नेहमी सांगतो आणि आजही सांगेन. मात्र पाचटात, तणशीत किंवा धानाच्या पुंजण्यात उघडा हात घालू नये, आधी काठीने हलवावे. सरपण आणि गोवऱ्यांचा ढीग भिंतीला लावून ठेवू नये. ऊसतोडीच्या टोळ्या कोप्यांत खालीच निजतात. ज्यांच्या शेताजवळ टोळी उतरेल त्यांनी तिच्यासाठी खाटा बघाव्यात, निदान मच्छरदाण्यांची सोय करावी.

आणि आजच एक काम करा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष आहे काय, रात्री डॉक्टर असतात काय, ते स्वतः जाऊन विचारा. नसेल तर तुमसर किंवा साकोलीचे उपजिल्हा रुग्णालय, अथवा भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय, यांपैकी जवळचे कोणते आणि रात्री गाडी कोणाची, हे घरात ठरवून तो नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा.

— ऊस विकास अधिकारी