चुणी, टक आणि प्लीट : अटॅचमेंट लावण्यापूर्वी कापडाचा हिशेब



रमजानच्या आधीपासूनच रेडीमेडच्या कारखान्यांत लहान मुलींचे फ्रॉक, शरारे आणि कुर्ते यांची गडबड सुरू होते. या मालात चुणीचे काम फार. हाताने चुण्या धरून शिवणाऱ्या कारीगराचा जो वेळ जातो, तो मशीनला एक लहानसे अटॅचमेंट लावले की पुष्कळ वाचतो. म्हणून आपल्या बिरादरीतील अनेक तरुण कारखानदार हौसेने रफलर, टकर, पिनटकचे फूट विकत घेतात. घ्यावेतच. परंतु अटॅचमेंट मजुरी वाचवते, कापड वाचवत नाही. उलट ते कापड इतक्या वेगाने खाते की, हिशेब आधी केला नसेल तर नफा कुठे गेला ते कळतही नाही.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. १९९८ साली आम्ही एका व्यापाऱ्याच्या ६०० फ्रॉकची ऑर्डर घेतली होती. प्रत्येक फ्रॉकला चार इंच रुंदीच्या दोन फ्रिल, घेर ६० इंच. मास्तरने नमुना पीस शिवला, त्यात एका फ्रिलला १०० इंच पट्टी लागली. त्याच हिशेबाने आम्ही कापड रंगवून घेतले आणि भाव सांगितला. माल अर्ध्याहून पुढे गेल्यावर पट्ट्या कमी पडू लागल्या. कटिंग मास्तरने कापड वाया घालवले असे आम्ही धरून चाललो आणि त्याच्या हिशेबातून पैसे कापले. तो बिचारा कसम खाऊन सांगत होता की कटिंग बरोबर आहे. नवे कापड रंगवून आणले तर त्याची छटा पहिल्या लॉटपेक्षा फिकी निघाली. एकाच फ्रॉकवर एक फ्रिल गडद आणि एक फिकी! व्यापाऱ्याने तेवढा माल परत केला आणि ईद निघून गेली.

कारण नंतर कळले. नमुना शिवताना टाका अडीच मिलिमीटरचा होता. कारखान्यात कारीगराने कापड पातळ म्हणून तो दोन मिलिमीटरवर आणला. त्याच्या मते त्याने काम अधिक चांगले केले होते. एवढ्या अर्ध्या मिलिमीटरने काय झाले ते समजण्यासाठी रफलर चालतो कसा ते पाहिले पाहिजे.

रफलरला एक काटा असतो, तो सुई धरणाऱ्या क्लॅम्पच्या स्क्रूवर बसतो. सुई खालीवर होते तसा काटाही खालीवर होतो आणि त्यामुळे आतील दातेरी पोलादी पट्टी पुढेमागे सरकते. ही पट्टी चुणीचे कापड सुईकडे ढकलते आणि सुई त्याला तिथेच टाचते. तिच्याखाली दुसरी गुळगुळीत पट्टी असते. चुणीचे कापड मशीनच्या दात्यांना लागू न देणे हे तिचे काम. चुणीचे कापड नेहमी या दोन पट्ट्यांच्या मधून घालावे आणि ज्या सपाट कापडावर फ्रिल बसवायची ते दोन्हींच्या खालून. नवा कारीगर इथेच चुकतो.

रफलरच्या वरच्या बाजूला सामान्यतः १, ६ आणि १२ असे अंक असतात. १ वर लावले तर प्रत्येक टाक्याला चुणी पडते, ६ वर सहा टाक्यांनी आणि १२ वर बारा टाक्यांनी. बहुतेक रफलरवर चौथी जागाही असते, तिथे पट्टी ढकलतच नाही. फ्रिलच्या मध्ये सपाट भाग सोडायचा असेल तेव्हा ती उपयोगी. पट्टी किती ढकलणार, म्हणजे चुणी किती खोल, हे वेगळ्या स्क्रूने ठरते.

आता हिशेब. पट्टी प्रत्येक वेळी १० मिलिमीटर जादा कापड ढकलते असे धरा आणि रफलर ६ वर आहे. टाका अडीच मिलिमीटर असेल तर सहा टाक्यांत शिलाई १५ मिलिमीटर पुढे जाते आणि कापड २५ मिलिमीटर जाते. म्हणजे ६० इंच घेराला १०० इंच पट्टी. टाका दोन मिलिमीटर केला की सहा टाक्यांत शिलाई १२ मिलिमीटर आणि कापड २२. त्याच ६० इंचांना आता ११० इंच लागतात. एका फ्रिलमागे १० इंच, एका फ्रॉकमागे २० आणि ६०० फ्रॉकमागे १२,००० इंच. चार इंची पट्टी आणि ३६ इंच पन्ह्याचे कापड धरले तर हे सुमारे ३४ मीटर होते. तेवढेच आमचे कमी पडले होते. रफलरचा स्क्रू कोणी हलवला नव्हता, अंक बदलला नव्हता, कटिंग चुकली नव्हती. मास्तरचे कापलेले पैसे आम्ही परत दिले, पण अल्लाह माफ करो, मध्ये दोन महिने गेले होते.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे. ज्या कापडाचा माल, त्याच कापडाची एक मीटर पट्टी घ्यावी, ज्या मशीनवर माल चालणार त्याच मशीनवर, त्याच धाग्याने आणि त्याच टाक्यावर ती शिवावी आणि शिवून झाल्यावर मोजावी. ६० सेंटिमीटर उरली तर १०० ला ६० असा हिशेब झाला. पट्टी वहीत टाचून शेजारी अंक, टाका आणि कापडाचे नाव लिहावे. एक कारीगर सुटीवर गेला आणि त्याच्या मशीनवर दुसरा बसला, तर पहिल्यांदा त्या पट्टीशी ताडून पाहावे, मगच माल सुरू करावा. गुळगुळीत पॉलिस्टर आणि सुती कॅम्ब्रिक एकाच सेटिंगवर सारखे चुणत नाहीत, म्हणून एका कापडाचा आकडा दुसऱ्याला लावू नये.

इथे शब्दांबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण निम्मे तंटे शब्दांमुळे होतात. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, आमच्या तोंडी चुन्नट. मराठी ग्राहक चुण्या म्हणतो. बाजारात प्लीट हा शब्द दोन्हींसाठी वापरतात आणि टकलाही कोणी प्लीटच म्हणतो. वास्तविक चुन्नट म्हणजे कापड नुसते गोळा केलेले, तिला ठरावीक घडी नसते. प्लीट म्हणजे मोजून घातलेली घडी, जी वर पकडलेली आणि खाली मोकळी असते. टक म्हणजे घडीच्या कडेने संपूर्ण लांबीवर शिवलेली रेघ. तिन्हींना लागणारे कापड वेगळे आणि मजुरी वेगळी. टेलिफोनवर ‘प्लीटवाला कुर्ता’ अशी ऑर्डर घेऊ नये. नमुना मागावा.

टकचा हिशेब चुणीपेक्षा सरळ आहे. टक जेवढा रुंद, त्याच्या दुप्पट कापड तो घेतो. पाव इंची दहा टक म्हणजे पाच इंच कापड गेले. कुर्त्याच्या समोरच्या भागावर दोन्ही बाजूंना अष्टमांश इंचाचे दहा-दहा टक घातले, तरी पाच इंच. म्हणून आधी टक घालावेत, इस्त्री करावी आणि त्यानंतर त्यावर माप ठेवून कटिंग करावी. आधी कटिंग करून मग टक घालणारा मास्तर आम्ही अजून पाहतो आणि अजून त्याचा कुर्ता छातीत तंग होतो.

जुन्या घरगुती मशीनच्या डब्यात टकर नावाचे अटॅचमेंट मिळत असे, अजूनही जुन्या बाजारात मिळते. चांगल्या स्थितीत असेल तर सोडू नये. मशीन एक टक शिवत असतानाच हे अटॅचमेंट पुढच्या टकच्या घडीची रेघ कापडावर दाबून उमटवते, त्यामुळे प्रत्येक टक मोजून खडूने आखावा लागत नाही. त्याला दोन पट्ट्या असतात, एक टकच्या रुंदीची आणि दुसरी अंतराची. रुंदीची पट्टी आधी लावावी, अंतराची नंतर. दोन्ही एकाच अंकावर ठेवल्या तर टक एकमेकांना लागून पडतात आणि मध्ये जागा राहत नाही. अशा लागून पडणाऱ्या पाव इंची टकच्या घडीच्या रेघा सपाट कापडावर पाऊण इंच अंतराने येतात, म्हणजे रुंदीच्या तिप्पट. मध्ये मोकळी जागा हवी असेल तर ती त्यात मिळवायची. हे तिपटीचे सूत्र पाठ असेल तर टकर नसतानाही खडूने काम होते. मात्र टकर फक्त घडी धरणाऱ्या कापडावर चालतो. सुती लॉन, कॅम्ब्रिक, मलमल उत्तम. पॉलिस्टर जॉर्जेटवर रेघ उमटते न उमटते तोच नाहीशी होते.

बारीक उभारीचा पिनटक हवा असेल तर जोडसुई आणि खाचांचा फूट वापरतात. दोन सुयांच्या मध्ये कापड उचलले जाते आणि आधी शिवलेला टक फुटाच्या खाचेत बसतो, त्यामुळे पुढचा टक आपोआप समांतर पडतो. सात खाचांच्या फुटाला साधारण दोन मिलिमीटरची जोडसुई, पाच खाचांच्या फुटाला अडीच ते तीनची आणि तीन खाचांच्या फुटाला चारची जुळते. पण जोडसुई फक्त झिगझॅग मशीनवर लावावी. साध्या काळ्या मशीनच्या प्लेटचे छिद्र एकाच सुईपुरते असते. त्यावर जोडसुई लावली तर पहिल्याच टाक्याला ती प्लेटवर आपटून तुटते, आणि तुकडा डोळ्यात गेला तर नुकसान पैशाने भरून निघत नाही. झिगझॅग मशीनवरही टाका सरळ ठेवावा आणि चाक एकदा हाताने पूर्ण फिरवून पाहावे.

माल मोठा असेल तर ही लहान अटॅचमेंट पुरत नाहीत. मोठ्या कारखान्यांत कान्साईसारखी अनेक सुयांची मशीन असते, ती एका फेरीत पिनटकच्या ओळीच्या ओळी घालते. लहान कारखानदाराने ती विकत घेण्याऐवजी मीटरच्या भावाने जॉबवर काम करून घेणे बरे. फक्त हा टाका साखळीचा असतो हे ध्यानात ठेवावे. शेवटचे टोक मोकळे राहिले आणि कोणी ओढले तर पूर्ण ओळ उसवते. म्हणून प्रत्येक टोक खांद्याच्या किंवा पट्टीच्या शिलाईत दाबले गेले पाहिजे.

शाळेच्या स्कर्टच्या प्लीटचे काम रफलरचे नाही. तिथे घडी एक-दीड इंचाची असते, ती हाताने मोजून किंवा प्लेटिंगवाल्याकडे साच्यात घालून वाफेवर करावी लागते. पॉलिस्टर उष्णतेने घडी धरून ठेवते. शुद्ध सुती कापडाची घडी धुतल्यावर निघते आणि पुन्हा इस्त्री मागते. ग्राहकाला हे आधी सांगावे. एका घडीची कड दुसऱ्या घडीला टेकेल अशी पूर्ण प्लीट हवी असेल तर कापड तिप्पट लागते. कंबर २४ इंच तर घेर ७२ इंच. काहीजण नमुना तिपटीचा दाखवतात आणि माल दुपटीचा देतात. समोरच्या प्लीट पूर्ण, मागच्या उथळ. हँगरवर फरक दिसत नाही, मुलगी बाकावर बसली की दिसतो. मापात घट करणाऱ्यांविषयी कुरआनमध्ये सूरह मुतफ्फिफीन आहे, आणि माप म्हणजे केवळ तराजू आणि गज नव्हे. ज्याला दुपटीचा माल परवडतो त्याने दुपटीचाच नमुना दाखवावा आणि तसा भाव घ्यावा. त्यात काही कमीपणा नाही.

गराऱ्याचे मात्र वेगळे. गुडघ्याच्या जोडावर जी चुन्नट येते, ती किमख्वाब किंवा जरीच्या कापडावर रफलरने करू नये. दातेरी पट्टी जरीचा तार उचकटते. तिथे जुन्या कारीगराचा हातच चालतो आणि त्याची मजुरीही त्याच मानाने द्यावी लागते.

मजुरीचाच विषय निघाला म्हणून सांगतो. कारखान्यात रफलर आला की मालक पहिल्याच आठवड्यात पीस रेट उतरवतो. परंतु रफलरला पूर्ण वेगात चालवता येत नाही. फार पळवले तर काटा सैल होतो, पट्टी सुईला लागते आणि सुई मोडते. आधी आठवडाभर काम पाहावे, दिवसाला किती पीस निघतात ते मोजावे आणि मग कारीगराला समोर बसवून रेट ठरवावा. घरी बसून काम करणाऱ्या भगिनींना अटॅचमेंट दिले तर मोडतोड कोणाच्या हिशेबात हे त्याच दिवशी सांगावे. आमच्या मते ती मालकाच्या हिशेबात असावी, कारण वाचलेला वेळही बहुतेक त्याच्याच खिशात जातो.

खरेदीला जाताना आपल्या मशीनचा चालू प्रेशर फूट काढून बरोबर न्यावा. मशीनच्या दांडीची उंची दोन प्रकारची असते. फूट खाली टेकलेला असताना तळापासून स्क्रूच्या मध्यापर्यंत साधारण पाऊण इंच असेल तर ती कमी उंचीची, सव्वा इंच असेल तर जास्त उंचीची. एकाचे अटॅचमेंट दुसऱ्याला बसत नाही, आणि दुकानदार एकदा वापरलेला माल परत घेत नाही. दुकानातच काटा हाताने खालीवर करून पाहावा, पट्टी अडखळता कामा नये. घरी आणल्यावर सांध्यांवर मशीनच्या तेलाचा एकेक थेंब टाकून टाकाऊ कापडावर थोडा वेळ चालवावे, म्हणजे जादा तेल त्यावर उतरेल. कापडाशिवाय रिकामे मात्र चालवू नये, दाते एकमेकांवर घासून बोथट होतात.