शंका-समाधान : दाखल्यावर ‘लष्कर’, घरात शिंपी

शंका : माझ्या वडिलांचा जन्म १९४३ मधला, बडोद्याचा. जन्मनोंदीच्या नकलेत आजोबांच्या धंद्यापुढे ‘लष्कर’ लिहिलंय. घरी मात्र सगळे सांगतात की ते शिंपी होते, बंदुकीला त्यांनी कधी हात लावला नाही. खरं काय मानायचं?
— एक वाचक, फतेगंज, वडोदरा

समाधान : दोन्ही खरं असू शकतं. शिंपी, मोची, धोबी, आचारी, भिस्ती यांच्यावाचून पलटण चालत नसे. १९३९ मध्ये सुमारे २ लाखांची हिंदी फौज १९४५ पर्यंत २५ लाखांवर गेली. एवढ्यांचे गणवेश कुणीतरी शिवतच होतं. कारकुनाला हुद्द्याशी कर्तव्य नव्हतं. पगार कुठून येतो तेवढंच त्याने टिपलं असावं.

खरा पेच वेगळा आहे : लष्कर कोणाचं? १९४३ मध्ये गादीवर प्रतापसिंहराव गायकवाड होते आणि संस्थानची स्वतःची फौज होती. दुसरीकडे इंग्रज सरकारची भरती जोरात होती. आजोबा गायकवाडी चाकरीत असतील तर वडोदऱ्याच्या पुराभिलेखागारात चौकशी करा. इंग्रजी फौजेत असतील तर त्या पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस गाठावं लागेल, आणि तिथे सर्व्हिस नंबर हाताशी असलेला बरा. म्हणून आधी घरची ट्रंक उपसा. डिस्चार्जच्या कागदावर नंबर, दल आणि काम, तिन्ही सापडण्याचा संभव आहे. पेन्शन नव्हती म्हणून फौजेतली नोकरी खोटी ठरवू नका. लढाईपुरते भरती झालेले कितीतरी जण पेन्शनविना घरी परतले.

शंका : आत्याच्या १९४१ च्या नोंदीत आजोबांचा धंदा ‘शेती’, काकांच्या १९४४ च्या नोंदीत ‘दारूगोळा कारखाना, खडकी’, वडिलांच्या १९४७ च्या नोंदीत पुन्हा ‘शेती’. माणूस एकच ना?
— एक वाचक, सातारा

समाधान : आजोबांचं पूर्ण नाव, आजीचं नाव आणि गाव जुळत असेल तर एकच. लढाईत कारखान्याला माणसं हवी होती; ती संपल्यावर अनेकांनी गावची वाट धरली. मात्र ‘खबर देणारा’ हा रकानाही वाचा. बाळंतपण माहेरी झालं असेल तर खबर मामाने दिलेली असायची, आणि भाऊजी मुंबई-पुण्याला काय करतात हे त्याला नेमकं ठाऊक असेलच असं नाही. आजच्या जन्मदाखल्यावर बापाचा व्यवसाय छापत नाहीत, तेव्हा मूळ पानाची प्रमाणित नक्कलच मागा. आणि कुळवृत्तांतात आजोबांच्या प्रत्येक धंद्यापुढे साल घाला.